देवाची इच्छा ओळखायची कशी: एका निर्णयासाठी पंधरा दिवसांची रीत

परदेशातली नोकरी घ्यावी का, आलेल्या स्थळाला होकार द्यावा का, सेमिनरीत (धर्मगुरू होण्याच्या शिक्षणाला) जावं का, वडिलांचं दुकान पुढे चालवावं का. असा प्रश्न पडला की ख्रिस्ती घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "प्रभूची इच्छा काय आहे ते बघ." बघायचं कसं, हे सहसा कोणी सांगत नाही. मग जो तो आपापली वाट काढतो. कोणी बायबल कुठेही उघडून बोट टेकवतो, कोणी "शुक्रवारपर्यंत फोन आला तर हो" अशी अट घालतो, कोणी फादरांना किंवा पाळकांना गाठून त्यांच्या तोंडचं पहिलं वाक्य पकडून घरी येतो.

याहून बरी रीत जवळजवळ पाचशे वर्षांपासून लिहून ठेवलेली आहे. इग्नेशियस लोयोला हा बास्क घराण्यातला शिपाईगडी १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पायाला जखमी झाला. अंथरुणावर पडून असताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. शौर्याची, दरबारातल्या स्त्रीला जिंकण्याची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण ती ओसरली की मन कोरडं व्हायचं. संतांसारखं जगण्याचे विचार मात्र येऊन गेल्यावरही मन प्रसन्न राहायचं. विचाराची खरी ओळख त्याच्या मागे उरणाऱ्या चवीवरून पटते, हे त्याला तिथे उमगलं. पुढे त्याच्या टिपणांतून 'स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस' ही साधनेची पुस्तिका तयार झाली आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. खालची रीत मुख्यतः तिच्यातली, आणि पुढे जेझुइट, म्हणजे त्याच्याच संघाच्या, परंपरेत रुळलेली आहे. तिचा आधार शास्त्रात असल्यामुळे कॅथलिक नसलेल्यांनाही ती वापरता येते.

साहित्य थोडंच लागतं: एक वही, बायबल, रोज सलग अर्धा तास, आणि तुमच्या निर्णयात ज्याचा फायदा-तोटा नाही असा एक माणूस.

आधी चाळणी लावा

अनुवाद २९:२९ मध्ये दोन ढीग केलेले आहेत. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या. प्रकट केलेल्या गोष्टी आपल्यासाठी, त्या पाळण्यासाठी. इतिहास कुठे न्यायचा, कोण किती जगणार, हा पहिला ढीग. तो उपसायला आपल्याला सांगितलेलंच नाही. दुसऱ्या ढिगात आज्ञा आहेत, आणि तिथे तर देवाची इच्छा शब्दांत लिहिलेली सापडते. तुमचं पवित्रीकरण व्हावं ही देवाची इच्छा, असं पौल १ थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये सरळ लिहितो. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, हीच देवाची इच्छा, असं त्याच पत्रात ५:१८ मध्ये. न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं, देवासमोर नम्रपणे चालणं, हे मीखा ६:८ मध्ये.

म्हणून पहिला नियम: जे सांगून झालंय ते पुन्हा विचारू नका. हुंडा घ्यावा का यावर उपास-प्रार्थना करायची गरज नाही. लाच देऊन मिळणारी बदली, भावाच्या वाट्याची जमीन, कामगाराची थकवलेली मजुरी, यांतलं काहीही प्रार्थनेने शुद्ध होत नाही. इग्नेशियसही निवडीचा विषय मुळात चांगला किंवा निदान निर्दोष असला पाहिजे, ही अट सुरुवातीलाच घालतो. चांगलं आणि वाईट यांत निवडायला ही रीत नाही. दोन चांगल्या गोष्टींत अडकलेल्या माणसासाठी ती आहे.

दुसरी चाळणी आधीच घेतलेल्या जबाबदारीची. लग्न आणि धर्मगुरूची दीक्षा या निवडी इग्नेशियसच्या मते एकदा झाल्या की बदलत नाहीत. नोकरी, घर, गाव, व्यवसाय या बदलू शकतात. लग्न झालेल्या माणसाने "मी खरं तर मिशनरी व्हायला हवं होतं का" हे पंधरा दिवस चाळत बसू नये. आहे त्या संसारात आणखी चांगलं कसं जगता येईल, हा त्याचा प्रश्न.

तिसरी चाळणी फार लोक विसरतात. काही गोष्टी देवाने तुमच्यावरच सोपवलेल्या असतात. विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल पौल १ करिंथकरांस ७:३९ मध्ये म्हणतो की, ज्याच्याशी तिची इच्छा असेल त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे, फक्त ते प्रभूमध्ये असावं. एवढंच कुंपण, आत मोकळं अंगण. जगात आपल्यासाठी नेमका एकच माणूस लिहून ठेवलाय आणि तो चुकला तर आयुष्य देवाच्या योजनेबाहेर गेलं, ही भीती या वचनात बसत नाही. फ्रिज कुठल्या कंपनीचा घ्यावा यासाठी तर वही उघडूच नका.

प्रश्न वहीत कसा उतरवायचा (पहिला दिवस)

"माझ्या आयुष्यासाठी देवाची योजना काय?" या प्रश्नाला पंधरा दिवसांत उत्तर मिळत नाही, कारण तो प्रश्नच नाही, ती तगमग आहे. चांगला प्रश्न एका वाक्यात बसतो, त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, ते उत्तर अमलात आणणं तुमच्या हातात असतं आणि त्याला तारीख असते.

पुढचं सगळं समजायला एक उदाहरण धरू. वसईकडची एक परिचारिका, वय तिशीच्या आत. आयर्लंडमधल्या इस्पितळातून नोकरी आली आहे. आई गुडघेदुखीने घरीच असते, धाकटा भाऊ शिकतोय. तिने लिहायचा प्रश्न असा: "आयर्लंडची नोकरी मी दोन वर्षांसाठी घ्यावी का? कळवायची तारीख १ जून." यात 'मी आईवर प्रेम करते का' हा प्रश्न नाही आणि 'परदेशी स्थायिक व्हावं का' हाही नाही. ते दोन्ही त्यात घुसायला बघतील. त्यांना वेगळं पान द्या.

उत्तर द्यायला एकच दिवस मिळाला असेल तर पहिलं काम मुदत वाढवून मागणं. ती खरंच नाकारली गेली तर सगळी रीत बाजूला ठेवून चौदाव्या दिवसाचे तीन प्रश्न तेवढे करा.

माहिती आणि तराजूचा काटा (दुसरा ते चौथा दिवस)

लूक १४:२८ मध्ये येशू विचारतो: बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? प्रार्थनेच्या नावाखाली हिशेब टाळणं हा ख्रिस्ती घरांतला जुना दोष आहे. आपल्या परिचारिकेने दोन दिवसांत एवढं तरी काढायला हवं: हातात पडणारा पगार, भाड्यात जाणारा भाग, करार मोडला तर भरपाई किती, एजंटचे पैसे, आईला बघायला कोण, त्याला महिना किती द्यावे लागतील, सुट्टी वर्षातून किती दिवस. अशा कोरड्या आकड्यांत अर्धे प्रश्न विरघळतात. कधी कधी दैवी वाटणारी अस्वस्थता ही करारातलं एक कलम न वाचल्याची अस्वस्थता निघते.

याच दिवसांत दुसरं, जास्त अवघड काम करायचं. इग्नेशियस म्हणतो, मन तराजूच्या काट्यासारखं मध्यावर उभं असावं, कुठल्याच पारड्याकडे न झुकलेलं. याला तो जो शब्द वापरतो (इंग्रजीत 'इन्डिफरन्स') त्याचा अर्थ बेपर्वाई असा घेतला जातो, पण ती बेपर्वाई नव्हे. दोन्ही उत्तरं ऐकायची तयारी, एवढाच त्याचा अर्थ.

काटा मध्यावर आणायची सुरुवात तो कुठे झुकलाय हे कबूल करण्यापासून होते. वहीत स्पष्ट लिहा: "मला जायचंय. इथल्या वॉर्डातल्या राजकारणाचा कंटाळा आलाय." देवासमोर आपली इच्छा लपवायची नसते. गेथशेमानेत येशू आधी "हा प्याला टळून जावो" म्हणतो, उघडपणे, मग "माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." आणि मत्तय सांगतो की त्याने तीनदा प्रार्थना केली. एका दमात तिथे पोहोचता येत नाही, हे त्यातून कळतं. म्हणून रोज अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं फक्त एवढंच मागा: मला मोकळं कर.

मोकळेपणाची परीक्षा सोपी आहे. नको असलेलं उत्तर मोठ्याने वाचा: "मी जाणार नाही." छातीत कळ आली तरी चालेल. पण "मग देवाला माझी पर्वाच नाही" असं वाटलं, तर काटा अजून अडकलाय. अशा वेळी पुढे जाऊ नका, दोन-तीन दिवस इथेच थांबा. इग्नेशियसचा उपाय उलट्या दिशेला ओढण्याचा: मन ज्याला चिकटलंय त्याच्या विरुद्ध गोष्ट देवाकडे मागा, ती स्वीकारायची तयारी दाखवा. वाकलेली छडी सरळ करायला ती उलट बाजूला वाकवावी लागते, तसंच.

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते, आणि तिचं वर्णन पुस्तिकेत नेमकं आहे. लोक आधी लग्न किंवा मानाची जागा पक्की करतात आणि मग त्यात देवाची सेवा कशी बसवायची ते बघतात. साध्य आणि साधन यांची अदलाबदल होते. 'प्रभूची इच्छा' हे नाव मग आपल्याच निर्णयाला चढवलेला झगा होतो.

चार रकाने (पाचवा आणि सहावा दिवस)

पानाचे चार भाग करा: गेल्याचे फायदे, गेल्याचे तोटे, न गेल्याचे फायदे, न गेल्याचे तोटे. दोन रकान्यांत काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही. 'गेल्याचे तोटे' लिहिताना "आई एकटी पडेल" असं येतं; 'न गेल्याचे तोटे' लिहिताना मात्र "भाऊ जबाबदारी घ्यायला शिकणारच नाही" असा उलटाच मुद्दा अडखळत वर येतो. एकच गोष्ट चार कोपऱ्यांतून वेगळी दिसते.

'जाण्या'चे दोन रकाने एका दिवशी आणि 'न जाण्या'चे दुसऱ्या दिवशी लिहा. एका बैठकीत चारही भरले की आवडता रकाना जोरात आणि नावडता उरकल्यासारखा भरला जातो.

मग मोजू नका, तोला. एका बाजूला नऊ मुद्दे आणि दुसरीकडे दोनच असतील, तरी ते दोन जड असू शकतात. प्रत्येक मुद्द्यापुढे विचारा: याचा देवावरच्या आणि माणसांवरच्या प्रेमाशी संबंध आहे का? भावाची फी भरता येईल, याचा आहे. फेसबुकवर बर्फातले फोटो टाकता येतील, याचा नाही. तो खोडा, पण खोडण्यापूर्वी किती खोलवर रुतलाय ते बघा.

दोन्ही उत्तरं जगून बघा (सातवा ते बारावा दिवस)

सगळ्या रीतीचा गाभा इथे आहे, म्हणून याला सहा दिवस दिलेत. सात, आठ, नऊ या तीन दिवशी 'हो' ठरलंय असं धरून जगा. कोणाला सांगायचं नाही, राजीनामा द्यायचा नाही. पण सकाळी उठताना, कामावर, रात्री झोपताना आतून 'मी जाणार आहे' असंच वागा. दहा, अकरा, बारा या दिवशी तसंच 'नाही' ठरलंय असं धरून. रोज तीन वेळा वहीत दोन-दोन ओळी: मनात काय हललं आणि ते मला कुठे नेत होतं.

इथे दोन शब्दांची ओळख हवी. इग्नेशियस ज्याला दिलासा म्हणतो तो निव्वळ आनंद नव्हे. श्रद्धा, आशा आणि प्रीती वाढतात, देवाकडे ओढ वाटते, माणसांसाठी जागा होते, तो दिलासा. तो डोळ्यांत पाणी घेऊनही येऊ शकतो. याच्या उलट ते औदासीन्य: आत अंधार, गोंधळ, हलक्या गोष्टींकडे ओढा, प्रार्थनेचा आळस, कशावरच भरवसा नाही. म्हणजे नोंद 'छान वाटलं' अशी करायची नाही. 'छान वाटलं, आणि आईशी बोलताना आवाज चढला' हे औदासीन्याच्या बाजूचं आहे. 'भीती वाटली, तरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) मनापासून झाली' हे दिलाशाच्या बाजूचं.

"मला शांती वाटली" या एका वाक्यावर आपल्याकडे फार मोठे निर्णय घेतले जातात. योना देवापासून पळत असताना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यावर असताना विव्हळ झाला होता. तेव्हा शांती ही एक नोंद आहे, निकाल नाही. शांतीचा ओघ कुठून सुरू झाला, मध्ये कुठे गेला आणि कुठे टेकला, हे तिन्ही बघायचं. सुरुवात चांगली आणि शेवट गर्वात, रागात किंवा जबाबदारी टाळण्यात झाला, तर मधे कुठेतरी पाणी गढूळ झालंय. वहीतल्या नोंदी मागे मागे वाचत जा, ती जागा सापडते.

मोजमाप बिघडवणारी कारणं साधीच असतात: रात्रपाळी, उपाशी पोट, ताप, नुकतंच झालेलं भांडण. झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही. खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं (१ राजे १९). तसे दिवस सोडून द्या आणि त्यांच्या बदल्यात पुढे दिवस वाढवा. आठवडेच्या आठवडे झोप, भूक, रस गेलेला असेल तर ते औदासीन्य वहीत मावणारं नाही. आधी डॉक्टर. पोट वारंवार बिघडणाऱ्या तीमथ्यालाही पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

खुणा, वचनं आणि उघडी दारं

कोकणात, गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत सगळ्यांच्या ओळखीची. ख्रिस्ती घरांत तेच काम कधी कधी बायबलमधल्या गिदोनाने खूण म्हणून रात्री बाहेर मांडलेल्या लोकरीकडून करून घेतलं जातं: "लोकर भिजली आणि जमीन कोरडी राहिली तर हो." पण शास्ते ६ सावकाश वाचा. लोकर मांडण्याआधीच देवाने गिदोनाला जायला सांगून टाकलं होतं. लोकर त्याच्या शंकेपोटी होती, आणि दुसऱ्यांदा मांडताना "तुझा राग भडकू नये" असं तो स्वतःच म्हणतो. देवाने त्याला सांभाळून घेतलं, याचा अर्थ ती रीत शिकवली असा होत नाही.

खूण कशी मागावी याचा शहाणा नमुना उत्पत्ती २४ मध्ये आहे. अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी मागतो: जी मुलगी मला पाणी देईल आणि आपणहून उंटांनाही पाजीन म्हणेल, ती. उंट दहा होते. प्रवासातून आलेल्या दहा उंटांचं पाणी घागरीने ओढायचं म्हणजे कंबर मोडणारं काम. ती खूण म्हणजे स्वभावाची परीक्षाच होती. खूण मिळाल्यावरही तो गप्प राहून निरखत राहिला, मग घरच्यांशी बोलला, आणि शेवटी खुद्द रिबेकेला विचारलं गेलं: "जाशील का?" ती म्हणाली, जाईन. स्थळाबद्दल 'देवाने दाखवलंय' असं सांगणाऱ्यांनी हा शेवटचा प्रश्न गाळू नये.

बायबल कुठेही उघडून बोट ठेवणारे संत ऑगस्टीनचं नाव घेतात. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्याने पौलाचं पत्र उघडलं आणि रोमकरांस १३:१३-१४ वाचून त्याचं आयुष्य पालटलं, हे खरं. पण ते वचन स्वैर जगणं सोडायला सांगणारं होतं, आणि ते सोडायला हवं हे त्याला आधीच ठाऊक होतं; बळ तेवढं नव्हतं. पुढे बिशप झाल्यावर याच ऑगस्टीनने एका पत्रात, संसारी व्यवहारांसाठी शुभवर्तमानाच्या पानांतून शकुन काढण्याची रीत आपल्याला आवडत नाही, असं लिहून ठेवलंय.

नव्या वर्षाच्या उपासनेत मिळणाऱ्या वचनाच्या कार्डांचंही तसंच. ती प्रार्थनेला सोबत म्हणून उत्तम आहेत. "तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत" हे यिर्मया २९:११ त्यांत हमखास असतं. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या हयातीत परतीची वाट नव्हती. व्हिसा तीन आठवड्यांत येईल असा अर्थ त्यातून निघत नाही. वचन घेतलं की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचायची सवय लावा. संदर्भातून उपटलेलं स्तोत्र ९१ तर येशूची परीक्षा घेताना सैतानानेही म्हणून दाखवलं होतं.

उघड्या दाराचं काय? योनाला याफो बंदरात तार्शीशचं जहाज अगदी तयार मिळालं, भाडंही खिशात होतं. दाविदाला त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल गुहेत सापडला, सोबती म्हणाले, हाच तो परमेश्वराने दिलेला दिवस. दाविदाने ऐकलं नाही, कारण देवाने अभिषेक केलेल्या राजावर हात टाकायचा नाही हे त्याला माहीत होतं. उलट पौल इफिसमधून लिहितो की मोठं दार उघडलंय आणि विरोधकही पुष्कळ आहेत. परिस्थिती ही माहिती आहे. चार रकान्यांत लिहा आणि पुढे चला.

कोणाला विचारायचं (तेरावा दिवस)

इग्नेशियस मोहाची तुलना लबाड प्रियकराशी करतो: त्याला सगळ्यात जास्त भीती असते ती मुलगी वडिलांना सांगेल याची. त्यामुळे 'हे कोणाला कळता कामा नये' असं ज्या विचाराबद्दल वाटतं, तोच आधी सांगा. सांगायचं मात्र तेराव्या दिवशी, भरलेली वही घेऊन. पहिल्याच दिवशी विचारलं की समोरच्याचं मत तुमच्या काट्यावर बसतं.

एक माणूस तुम्हाला ओळखणारा, एक त्या क्षेत्रातला, एक आध्यात्मिक मार्गदर्शक. तिघेही तुमच्याच मताचे निघतील असे निवडू नका. ते कोण हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. मार्गदर्शकाने काय करू नये हेही पुस्तिकेत आहे. त्याने या किंवा त्या पर्यायाकडे ढकलू नये, काट्यासारखं मध्ये उभं राहावं आणि निर्माता व त्याचं लेकरू यांना थेट बोलू द्यावं. दिलाशाच्या भरात कोणी नवस, शपथ करू लागला तर त्याला घाई करू देऊ नये. शिबिराच्या शेवटच्या रात्री, गिटार चालू असताना हात वर करून दिलेली वचनं याच कलमात येतात.

"प्रभूने मला तुझ्याबद्दल दाखवलंय" असं कोणी म्हणालं तर? घाबरू नका, धुडकावूही नका. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये अगब संदेष्टा पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो: यरुशलेमेत तुला असं बांधतील. ऐकणारे रडून म्हणतात, जाऊ नकोस. पौल जातो, आणि ते म्हणतात, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. इथे तीन थर आहेत: मिळालेला संदेश, त्याचा लावलेला अर्थ आणि त्यावरून दिलेला सल्ला. पहिला खरा असला तरी तिसरा बांधील ठरत नाही. "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा" हे वचन आलं आहे तेही संदेशांचा धिक्कार करू नका या वाक्याच्या लगेच पुढे. संदेशासोबत पैशाची मागणी आली, औषध बंद करायला सांगितलं, कोणाला सांगू नकोस अशी ताकीद आली किंवा सांगणाऱ्याचंच लग्न त्यात जमत असलं, तर पारख तिथेच संपली.

आणखी एक. मार खाणाऱ्या बाईला "हाच तुझा क्रूस, देवाची इच्छा" असं सांगणं ही चूक नव्हे, अन्याय आहे. कॅथलिक कायद्यातही, जोडीदारापासून किंवा मुलांना त्याच्यापासून गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा हक्क कलम ११५३ देतं. आणि मयताच्या घरी "देवाची इच्छा" म्हणण्यापूर्वी लूक १३ आठवावा: शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अपराधी होती का, या प्रश्नाला येशूने 'नाही' म्हटलं. त्यापलीकडे स्पष्टीकरण दिलं नाही.

ठरवणं आणि अर्पण करणं (चौदावा, पंधरावा दिवस)

चौदाव्या दिवशी वही पहिल्या पानापासून वाचा. मग तीन प्रश्न, प्रत्येकाला दहा मिनिटं. पूर्ण अनोळखी माणूस, ज्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं, तो नेमक्या याच पेचात माझ्याकडे आला तर मी काय सांगेन? मरणाच्या बिछान्यावर आज काय ठरवलेलं असावं असं वाटेल? न्यायाच्या दिवशी? पहिला प्रश्न बहुतेकांना पुरतो, कारण दुसऱ्याच्या बाबतीत आपण आश्चर्यकारक शहाणे असतो. परिचारिकेने अनोळखी मुलीला "जा, पण आधी आईसाठी माणूस बघ आणि भावाला हिशेब शिकव" असं सांगितलं, तर तिला स्वतःचं उत्तर मिळालंय, अटींसकट.

निर्णय वहीत लिहा, तारीख घाला. पंधराव्या दिवशी तो प्रार्थनेत देवापुढे ठेवा, कॅथलिक असाल तर मिस्सेला अर्पणाच्या वेळी, आणि मान्य असेल तर पक्का कर असं मागा. आकाशातून आवाज येत नाही. दिलासा टिकला, कारणं अजूनही खरी वाटली, जवळच्या माणसांशी वागणं सुधारलं, एवढी पुष्टी पुरते. काहीच हललं नाही तरी नीट विचाराने घेतलेला निर्णय अंधारातला ठरत नाही; इग्नेशियस या शांत काळातल्या निवडीलाही निवडीची पूर्ण वेळ मानतो.

समिती किंवा मंडळीचा निर्णय असेल तर १५३९ चा नमुना घ्या. रोममध्ये इग्नेशियस आणि सोबती, त्यांत फ्रान्सिस झेवियरही होता, एकाला वरिष्ठ मानून आज्ञापालनाचं व्रत घ्यावं का हे ठरवायला बसले. आपसात आधी चर्चा करायची नाही, प्रत्येकाने स्वतः प्रार्थना करायची, आणि आपण या गटातले नाहीच असं समजून विचार करायचा, ही त्यांची तयारी. मग एक दिवस प्रत्येकाने फक्त विरोधातली कारणं मांडली, दुसऱ्या दिवशी फक्त बाजूची. 'मी विरुद्ध तू' होण्याची सोयच उरली नाही. निकाल एकमताने लागला. तीन तासांच्या पॅरिश सभेत अर्धा तास फक्त 'विरोधात', अर्धा तास फक्त 'बाजूने' एवढं केलं तरी फरक पडतो.

निर्णयानंतर महिनाभरात एक कोरडा आठवडा येणारच. त्यासाठी नियम स्पष्ट आहे: औदासीन्यात बदल करू नका. दिलाशात घेतलेला निर्णय तसाच धरा, उलट प्रार्थना थोडी वाढवा. अर्धा तास बसत असाल तर पाच मिनिटं जास्त बसा. मन पुन्हा उजळल्यावरही तोच प्रश्न परत आला, तरच वही उघडा. बदलता येणाऱ्या निर्णयाला फेरविचाराची तारीख आधीच लिहून ठेवा, परिचारिकेच्या बाबतीत करार संपण्याच्या तीन महिने आधी. न बदलणारी निवड घाईत, चुकीच्या ओढीने झाली असेल, तर इग्नेशियस दोन गोष्टी एकदम सांगतो: तिला देवाची हाक म्हणून मिरवू नका, आणि पश्चात्ताप करून तिच्यातच चांगलं जगायला लागा.

आणि ठरवलेलं परिस्थितीने उलटलं तर? भारतात इग्नेशियसचा सोबती बोबादिया जायचा होता. १५४० च्या मार्चमध्ये तो आजारी पडला, ज्याच्यासोबत रोमहून निघायचं तो पोर्तुगीज राजदूत थांबणारा नव्हता, आणि त्याच्या जागी झेवियरचं नाव आलं. ६ मे १५४२ ला झेवियर गोव्यात उतरला.